शाळेचा उतारा

माझा एक जुना विद्यार्थी तुमसरच्या एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. मागच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो घरी आला. शर्टाच्या खांद्यावर कोंड्याची भुकटी तशीच होती. पिशवीतून त्यानं नागपूरच्या तीन शाळांची गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रकं काढली आणि पत्ते मांडावेत तशी टीपॉयवर मांडली. मुलगी सहावीतून सातवीत जायची. बायको पोरीला घेऊन नागपूरला खोली करून राहणार, हा शनिवारी रात्री जाणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं देव्हाडी स्टेशनवर उतरून थेट मिलमध्ये, इथपर्यंत घरात ठरलेलं होतं. अडलं होतं ते एवढ्यावरच.

"सर, तुमी सांगा जी, याच्यातली भारी कोणती?"

मी तिन्ही चाळली. एकीत घोडेस्वारी होती, दुसरीत पोहण्याचा तलाव, तिसरीत रोबोटिक्सची खोली. दहावीच्या शंभर टक्के निकालाचं पान तिन्हींत होतं. हसऱ्या मुलांचे फोटो, फोटोखाली टक्के, टक्क्यांना दोन-दोन दशांश स्थळं. अपूर्णांकानं भागायचं म्हणजे तो उलटा करून गुणायचं, हे सातवीच्या पोरीला शिकवताना 'पण का?' या प्रश्नाचं उत्तर तिथं कोण देतं, त्यावर एक तास घालवतात की एक आठवडा, याबद्दल तिन्हींत एक ओळही नव्हती. घोड्याचा फोटो मात्र पानभर.

'भारी' हा आपल्याकडचा मोठा सोयीचा शब्द आहे. साडी भारी म्हणजे महाग. पोतं भारी म्हणजे जड. पेपर भारी गेला म्हणजे अवघड होता. पोरगं भारी म्हणजे हुशार. शाळेचा विषय निघाला की हे चारही अर्थ एकाच पोत्यात भरले जातात आणि वजन एकदमच होतं. फी महाग आहे, त्या अर्थी अभ्यास अवघड असेल. अभ्यास अवघड आहे, त्या अर्थी तिथली मुलं हुशार निघत असतील. साखळी बांधली की पालक मोकळा. मला ही साखळी सोडवायची आहे, कारण तिच्या प्रत्येक कडीपाशी आमच्या गावातली कुटुंबं दोन घरांत वाटली जाताना मी पाहिली आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळेची प्रतिष्ठा ठरते दारात: कोण आत येतं आणि कोणाला परत पाठवलं जातं, यावर. अभ्यासाचा कस ठरतो वर्गात. दोन्हींची गाठ कधी पडते, कधी नाही. तुमसरहून ऐंशी किलोमीटरवरच्या नागपूरकडे पाहताना दार लखलखीत दिसतं. वर्ग दिसतच नाही.

नागपूरच्या जुन्या नामांकित शाळा कशा जन्मल्या ते पाहा. बिशप कॉटन स्कूल 1863 चं. ज्या जॉर्ज कॉटन यांचं नाव त्याला आहे ते कलकत्त्याचे बिशप. 1857 नंतर हिंदुस्थानातल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी शाळा निघाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली, आणि सिमल्याची शाळा 1859 मध्ये त्यातूनच उभी राहिली. सेंट फ्रान्सिस डी सेल्स 1870 ची. मधल्या काळात, 1867 साली, मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि तिच्यामागून गार्ड, ड्रायव्हर, साहेब, त्यांची कुटुंबं आली. त्या वर्गाची मुलं त्या वर्गात राहावीत, ही अशा शाळांची मूळ गरज होती. 'अवघड शिकवू' असं वचन घेऊन त्या निघालेल्या नव्हत्या. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी त्यांच्याही आधी, 1846 मध्ये, सुरू केलेली शाळा इथल्या मुलांसाठी होती. पण आज 'कॉन्व्हेंट'चा दबदबा म्हणून जो काही आहे, तो हिस्लॉपच्या वाटेनं आलेला नाही. तो साहेबाच्या वाटेनं आला.

गंमत म्हणजे साहेबाच्या देशातही हेच होतं. कॉटन स्वतः रग्बी इथं शिक्षक होते, पुढे मार्लबरोचे मुख्याध्यापक. ते इकडे बिशप असतानाच, 1861 मध्ये, इंग्लंडात क्लॅरेंडन आयोग बसला. ईटन, रग्बी धरून नऊ बड्या शाळांची त्यानं झडती घेतली. 1864 च्या अहवालात या शाळांच्या शिस्तीचं आणि घडणीचं कौतुक भरपूर आहे. पण सगळा वेळ लॅटिन-ग्रीकवर घालवूनही सामान्य मुलाला त्या भाषासुद्धा धड येत नाहीत, आणि गणित-विज्ञानाची तर आबाळच आहे, हेही त्यात आहे. म्हणजे साम्राज्यातल्या सगळ्यात नामांकित शाळा अभ्यासात कच्च्या, हे त्यांच्याच सरकारनं लिहून ठेवलं. त्यानं त्यांच्या दारातली रांग तसूभरही कमी झाली नाही. रांग अभ्यासासाठी नव्हतीच.

आपल्या मराठी मुलखात शाळेचं नाव होण्याची रीत निराळी होती. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं तेव्हा त्याच्याकडे ना इमारत ना मैदान. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आलेले, आणि टिळकांसारखा माणूस फळ्यापाशी गणित शिकवायला उभा. लोक मास्तरांच्या नावानं शाळा ओळखत. परवापरवापर्यंत नागपुरात हेच होतं. बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची त्या काळात सोमलवार, हडस ही नावं आम्ही तुमसरात बसून ऐकायचो. त्या काही घोड्यांच्या शाळा नव्हत्या.

आता एक जुना आकडा. 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात प्रतिष्ठित सरकारी शाळेतून, भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. 750 पैकी 282 गुण. आजच्या एखाद्या नामांकित शाळेत हा फोटो निकालाच्या पानावर आला नसता. शाळा मोठी होती, तिच्या दारातून आत यायला मिळणं हीच त्या काळी केवढी गोष्ट; पण आत त्या मुलाच्या वाट्याला काय आलं, संस्कृत शिकायचं असूनही फारसी का घ्यावी लागली, हे प्रतिष्ठेच्या खात्यात कुठं मांडणार? आणि पुढं कोलंबियात, लंडनात जे घडलं त्याचं श्रेय त्या 282 मध्ये कसं शोधणार?

विदर्भात 'कॉन्व्हेंट' या शब्दाचं जे झालं ते भाषेच्या अभ्यासकांनी कधीतरी बघावं. आमच्याकडे जोगिणींचा मठ कोणाला ठाऊक नाही, पण के.जी. वन, के.जी. टू असलेली, टाय घालायला लावणारी कुठलीही शाळा म्हणजे कॉन्व्हेंट. देवादिकांच्या, साधुसंतांच्या नावापुढं कॉन्व्हेंट लागलेल्या पाट्या भंडाऱ्यापासून गोंदियापर्यंत मोजत जा. 'पोरगी कुठं आहे?' 'कॉन्व्हेंटले आहे.' एवढ्यानं भागतं. मूळ शाळेचा दबदबा शब्दाला चिकटला, मग शब्द सुटा झाला आणि पाटीच्या रंगाऱ्याकडे गेला. शिकवण्याची पद्धत काही अशी उचलून नेता येत नाही, म्हणून ती कोणी नेली नाही.

बरं, प्रतिष्ठेची मोजणी तरी कशी होते? 'एज्युकेशनवर्ल्ड' हे मासिक 2007 पासून देशभरच्या शाळांची क्रमवारी लावतं. पालकांना, मुख्याध्यापकांना, शिक्षकांना विचारून निकषागणिक गुण गोळा करतात. म्हणजे लोकांना चांगली वाटते ती शाळा वरती, आणि वरती आहे म्हणून लोकांना चांगली वाटते. ही मोजणी अप्रामाणिक आहे असं मी म्हणत नाही. मापच जर नावलौकिकाचं असेल तर नावलौकिकच मोजला जाणार, एवढंच.

'पण सर, निकाल तर खरा असतो ना?' माझ्या विद्यार्थ्यानं तेव्हा हेच विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मी त्याला त्याच्याच धंद्यातून दिलं.

सरकारी भरडाईला धान घेतलं की मिलवाल्याला क्विंटलमागे 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. आता एखादा मिलवाला म्हणाला, माझी मिल भारी, माझा उतारा 70 चा, तर तुमसरातलं पोरसुद्धा आधी एकच विचारेल: धान कोणतं होतं? ओलावा किती होता, पोचट किती, पाखडून घेतलं की गावातून आलं तसं? टपोरं, वाळलेलं, एका जातीचं धान निवडून घेतलं तर जुनाट हलरसुद्धा उतारा दाखवतो. आणि पावसात भिजलेलं, अर्धं काळं पडलेलं धान घेऊन जो कणी कमी पाडतो, तोच खरा कारागीर. धानाच्या बाबतीत हे आपल्याला मुंजीच्या वयापासून कळतं. शाळेच्या बाबतीत आपण नुसता उतारा वाचतो आणि पैसे मोजतो.

नामांकित शाळेच्या दारात किती चाळण्या असतात ते बघा. पहिली फीची. दुसरी भाषेची: घरी इंग्रजी बोलणारं कोणी आहे का. तिसरी मुलाखतीची: शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशासाठी चाचणी-मुलाखत घ्यायला मनाई केली, तर मुलाखतीचं नाव 'इंटरॅक्शन' झालं. मुलाशी नव्हे, आईबापांशी. चौथी चाळणी नववीची, ती माहितीपत्रकात कधीच नसते. कच्च्या मुलाच्या घरच्यांना बोलावून हळूच सुचवलं जातं की दुसरा बोर्ड त्याला जास्त झेपेल. दहावीच्या निकालाच्या फोटोत जी मुलं हसताहेत त्यांच्यामागं ही न दिसणारी रिकामी जागा असते.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत. त्यांतली बोस्टन लॅटिन तर 1635 ची. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पराग पाठक या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी साधी युक्ती केली. प्रवेशाच्या रेषेच्या किंचित वर असलेली मुलं आणि किंचित खाली राहिलेली मुलं, म्हणजे जवळजवळ सारख्या कुवतीची, पुढं कशी निघाली ते पाहिलं. 2014 मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष: नामांकित शाळेत गेल्यानं परीक्षेतल्या गुणांत जवळपास काहीच भर पडली नाही. हुशार मुलं तिथं होती हे खरं. शाळेनं ती हुशार केली, याचा पुरावा मिळाला नाही. यातल्या अँग्रिस्ट यांना पुढं 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्या जवळचं उदाहरण आंध्रचं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी तिथल्या गावांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचा खर्च दिला, आणि चिठ्ठी न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोघांत फरक नव्हता. हिंदीत खासगी शाळेतली मुलं पुढं होती. खासगी शाळांनी हे काम सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी खर्चात केलं, हेही त्याच अभ्यासात आहे. माझ्या म्हणण्याला ते अडचणीचं असलं तरी लपवणार नाही. त्या शाळा गावातल्या स्वस्त शाळा होत्या, नागपूरच्या बड्या नव्हेत, हेही खरं. पण दोन्हीकडे धागा एकच आहे. मूल वजा केल्यावर शाळा किती उरते, हा प्रश्न विचारला की मोठमोठी नावं लहान होतात.

आणि परीक्षेचे आकडे मुळात किती डळमळीत! 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के. 2019 मध्ये भाषांचे अंतर्गत 20 गुण काढून घेतले आणि निकाल 77.10 वर आला. आमच्या नागपूर विभागाचा 67.27, राज्यात सगळ्यांत खाली. ओरड झाली, गुण परत दिले, 2020 मध्ये 95.30. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95. चार वर्षांत मुलं बदलली नाहीत, मास्तर बदलले नाहीत. अशा फूटपट्टीच्या दुसऱ्या दशांश स्थळावरून ही शाळा चांगली की ती, हे ठरवणारे आपण!

अकरावी लागली की नामांकितपणाचं आणखी एक बिंग फुटतं. दहा वर्षं ज्या शाळेसाठी खोली केली, ती शाळा आता कुणालाच नको असते. नाव घालायचं हजेरीचा जाच नसलेल्या कुठल्यातरी ज्युनिअर कॉलेजात, शक्यतो आडगावच्या, आणि राहायचं नागपुरात, जेईई-नीटच्या क्लासमध्ये. याला 'टाय-अप' म्हणतात. तुमसरचा मुलगा नागपूरला, त्याचं नाव कुठल्या तिसऱ्याच खेड्यात, आणि तो तिथं उगवणार प्रॅक्टिकलच्या दिवशी. 2018 मध्ये शासनानं मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, औरंगाबाद विभागांत विज्ञानाच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. यंत्रं बसली, प्रकार राहिला. यातलं मला खुपतं ते वेगळंच. आठवी-नववीतच बड्या शाळेच्या फाटकाबाहेर क्लासच्या गाड्या उभ्या असतात. ज्या शाळेचा अभ्यास इतका कसाचा, तिथल्या मुलाला संध्याकाळी तेच गणित पुन्हा विकत का घ्यावं लागतं? प्रतिष्ठा एका दुकानातून आणि कस दुसऱ्या दुकानातून, असा हा दुहेरी बाजार आहे. पालकांना तो मनातून कळतोही. दोन्हीकडची बिलं तेच तर भरतात.

'मग शहराशिवाय कस नाहीच का?' याला लातूरनं फार पूर्वी उत्तर दिलं. 1970 मध्ये निघालेलं राजर्षी शाहू महाविद्यालय, शेजारी दयानंद. ना राजधानी, ना साहेबाचा वारसा. नेमानं घेतलेल्या चाचण्या, तपासून त्याच आठवड्यात परत दिलेले पेपर, सुटीतले जादा तास. आणि बघता बघता पुण्या-मुंबईची मुलं गुणवत्ता यादीत लातूरच्या मुलांच्या खाली दिसू लागली. त्या 'लातूर पॅटर्न'चं सगळंच मला पटत नाही. पोरांना घाण्याला जुंपणं म्हणजे विद्या नव्हे, आणि पुढं तिथंही क्लासचं गाव उभं राहिलंच. पण कस हा पत्त्यावर अवलंबून नसतो, तो तपासलेल्या कागदावर अवलंबून असतो, एवढं लातूरनं दाखवून दिलं. तेच शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेनं वेगळ्या रीतीनं दाखवलं. झेडपीच्या शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागते, हे ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत आधी कुणाचा विश्वास बसला नव्हता.

आता मी स्वतःच्या वर्गात येतो, कारण दुसऱ्याच्या चाळण्या मोजणं सोपं असतं.

शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा चौथी-सातवीला असायची. सातवीच्या शिष्यवृत्तीची तयारी माझ्याकडे होती. वर्गात चाळीस मुलं. ऑगस्टमध्ये मी एक चाचणी घ्यायचो आणि त्यातली आठ निवडून खिडकीकडच्या दोन बाकांवर बसवायचो. सकाळी साडेसातला जादा तास त्यांचा, जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या, माझा जीवही त्यांच्यात. दोन-तीन मुलं दरवर्षी यादीत यायची. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूनं नावं लागायची आणि खाली 'मार्गदर्शक' म्हणून माझं. गावात माझं नाव झालं ते असं. नवेगावबांधच्या नवोदयची तयारीही मी करून घ्यायचो. 1986 च्या योजनेतली ती शाळा, शिक्षण फुकट, मुलं बहुतेक खेड्यातली. तिचा मला अजूनही अभिमान आहे. पण न्याय सगळ्यांना सारखा लावायचा तर नवोदयचा उताराही निवडलेल्या धानाचाच, आणि माझाही.

उरलेल्या बत्तीस जणांचं काय केलं, हे मला त्या संध्याकाळपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. माहितीपत्रकं गोळा करताना तो सहज म्हणाला, "सर, मी तुमच्या त्या खिडकीच्या बाकावर नव्हतो." तक्रार नव्हती त्यात. तो आज मिलमध्ये ओलाव्याची वजावट, हमाली, बारदाना, कट्ट्यांचा हिशेब कॅल्क्युलेटर न उघडता तोंडी सांगतो, आणि व्यापारी त्याच्या आकड्यावर सही करतात. तेव्हा मी त्याला 'गणितात बेताचा' म्हणून मागं बसवलं होतं. माझी प्रतिष्ठा त्या आठ जणांवर उभी होती. माझा कस त्या बत्तीस जणांत कळायला हवा होता.

बड्या शाळांकडून मुलांना काहीच मिळत नाही, असं म्हणणं खोटेपणा होईल. नागपूरला शिकलेली आमची मुलं सुट्टीत परत येतात तेव्हा फरक दिसतो. बँकेत, तहसील कचेरीत साहेबापुढं ती उभी राहतात ती सरळ. इंग्रजी चुकतं तरी थांबत नाहीत. ग्रंथालय पाहिलेलं असतं, माईक हातात घेतलेला असतो, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वकील, डॉक्टर, इंजिनिअर यांची मुलं वर्गमित्र झालेली असतात. ती ओळख पुढं तीस वर्षं व्याज देते. तुमसरच्या पालकाला हे कळतं आणि तो ते विकत घेतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. फक्त पावतीवर 'अभ्यास' असं लिहिलेलं असतं आणि माल निघतो 'सोबत'. सोबतीची किंमत म्हणून पैसे मोजायचे असतील तर जरूर मोजावेत.

पण सोबत कुणाची, हेही दारातच ठरतं, म्हणून तर शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांवरून इतकी ओढाताण. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं या जागा देण्याची गरज नाही. शहरात असा कोणता कोपरा आहे जिथं किलोमीटरभरात अशी शाळा नाही? जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द ठरवला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानं हा कायदाच लागू नाही. अभ्यास जर खरोखर एवढा कसदार असेल, तर मजुराची चार मुलं वर्गात आल्यानं तो पातळ का व्हावा? कसदार शिक्षकाला तर कसब दाखवायला तेवढीच संधी. घाबरते ती प्रतिष्ठा.

इकडं तुमसरात या सगळ्याचा हिशेब वेगळ्याच वहीत लिहिला जातो. अनुदानित शाळेतून सातवीला दहा मुलं नागपूरला गेली की पटसंख्या घटते. पट घटला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, आणि एखादा विज्ञानाचा चांगला मास्तर 'अतिरिक्त' ठरून दुसऱ्या तालुक्यात फेकला जातो. उरलेल्या मुलांना मग भूगोलाचा शिक्षक विज्ञान शिकवतो. त्याहून मोठं नुकसान पटावर दिसत नाही. पालक सभेत उठून 'सर, वही का तपासली नाही?' असं विचारणारी जी आठ-दहा माणसं असतात, तीच नेमकी निघून जातात. मागं राहतो तो रोजमजुरी बुडवून सभेला येऊ न शकणारा बाप. शाळा ढिली पडते ती अशी, विचारणारं कुणी नसल्यानं. मग लोक म्हणतात, इथं शाळा ढिल्या आहेत, म्हणून तर आम्ही जातो. पोरांआधी डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या खाणींतलं मॅंगनीज बाहेर गेलं, तांदूळ बाहेर जातो, त्याचा निदान दाम तरी येतो.

आमच्या शाळांचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. तीन ओळींचं उत्तर फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे शिकवणं, असं मानणारे सहकारी मी आयुष्यभर पाहिले, आणि थकलेल्या दिवशी मीही तेच केलं. म्हणूनच 'नागपूर की तुमसर' हा माझ्या मते प्रश्नच नाही. मी त्याला म्हणालो, तिन्ही शाळांत जा. प्राचार्यांच्या खोलीत बसू नको, तलाव बघू नको. सातवीतल्या एका मधल्या मुलाची गणिताची वही मागून बघ. पहिल्या नंबरच्या मुलाची नको, मधल्याची. चुकलेलं गणित कुणी पाहिलंय का, त्याच्याखाली काही लिहिलंय का, आणि मुलानं ते पुन्हा सोडवलंय का, एवढंच बघ.

तो गेला. एका ठिकाणी वही दाखवता येत नाही, नियमात बसत नाही, असं सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी सुट्टी चालू होती. घोडेस्वारीच्या शाळेत त्याच्या मेव्हण्याचा मुलगा आधीपासून होता, बायकोची सोय तिकडं लागत होती, आणि भिंतीवर घोड्याचा मोठा फोटो होता. प्रवेश तिथंच झाला. मी काही बोललो नाही. घर त्यांचं, पोर त्यांची.

दिवाळीत ती दोघं बापलेक फराळाचा डबा घेऊन आली. पोरीच्या बोलण्यात चार इंग्रजी वाक्यं सहज येऊन गेली, ऐकून बरं वाटलं. गणिताची वही मी मागितली नाही. तिनंच आणली होती. छान कव्हर, समास आखलेला, पानोपानी लाल शाईची बरोबरची खूण. एका पानावर पाऊण भागिले अर्धा असं होतं आणि उत्तर लिहिलं होतं तीन अष्टमांश. त्याच्यावरही खूण होती. मी तिला स्वयंपाकघरातून पाऊण किलो पोहे आणि अर्ध्या किलोचं माप आणायला सांगितलं. माप एकदा पूर्ण भरलं, दुसऱ्यांदा निम्म्यावर आलं. ती थोडा वेळ मापाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "दीड." मग वहीत तेच गणित तिनं खाली पुन्हा सोडवलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.